नख अडकेना, म्हणून पुन्हा कोरलं

मी टेक्सासात राहतो. शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा आखूड करायची, तर १९३४ च्या अमेरिकी शस्त्रकायद्यानुसार एटीएफची, म्हणजे शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची, मंजुरी आधी हवी. ती हातात पडल्यावरच कामाला लागलो. मूळ अनुक्रमांक तोच राहिला, बदल करणारा म्हणून रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या यंत्रणेच्या मुख्य सांगाड्यावर, माझं नाव, शहर आणि राज्य तेवढं कोरायचं होतं. लेझरने कोरून आणलं. दिसायला फार सुरेख, पण अक्षरांवरून नख फिरवलं तर कुठे अडकेचना! नुसता काळा डाग. नियमाने खोली किमान ०.००३ इंच लागते, साध्या कागदाच्या जाडीहूनही कमी, पण तेवढीही नव्हती. दुसऱ्या परवानाधारक कारागिराने त्याच रेषांवर पुन्हा पुन्हा लेझर फिरवला. उघड्या पडलेल्या पोलादाला गंज धरू नये म्हणून कोल्ड ब्लू, म्हणजे पोलाद न तापवता काळपट करणारं रसायन, लावलं, वरून तेलाचा हात दिला. आता प्रत्येक अक्षर बोटाला लागतं.