भाड्याच्या घरावर बँकेची नोटीस आली तर

भुसावळला रेल्वेवाल्यांना भाड्याने दिलेल्या आमच्या घरावर सरफेसीची (थकलेल्या कर्जापायी तारण घर बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) नोटीस आली, तेव्हा बँकेतले साहेब म्हणाले, "बघू, काहीतरी करू." अशा तोंडी शब्दावर विसंबू नका. या कायद्याच्या कलम १३(२)च्या नोटिशीनंतर थकबाकी भरायला ६० दिवस मिळतात. त्यातच लेखी हरकत द्या, प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. हरकत फेटाळायची तर बँकेला १५ दिवसांत कारणं कळवावी लागतात. मुद्दल, व्याज, दंड, खर्च वेगळे दाखवणारा खातेउतारा मागाच. आमच्या उताऱ्यात फेब्रुवारीत भरलेला हप्ताच नव्हता. पावती जोडली, मग आकडा खाली आला. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय नवा भाडेकरू ठेवू नका. आहे त्याला मात्र सगळं खरं सांगा, त्याचीही लेकरं तिथंच राहतात. बँकेने ताबा घेतलाच, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.