अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रं मागताय? या चुका टाळा

कोल्हापूर पुराभिलेखागारात चार दिवस बसलं की एक सवय अंगवळणी पडते. आधी यादी बघायची, रुमालाचा (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा, मग मागायचं. "शाहू महाराजांचं असेल ते सगळं काढा," असं तिथं कुणी म्हणत नाही. पण हीच अभ्यासू मंडळी घरी लॅपटॉप उघडून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रं मागायला बसतात, तेव्हा ही शिस्त कुठं जाते कळत नाही. माझीही गेली होती. 'राष्ट्राध्यक्षांच्या भारतभेटीसंबंधी सर्व कागदपत्रे' असा एका ओळीचा अर्ज मी पाठवला आणि मोठ्या, गुंतागुंतीच्या अर्जांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो. त्या रांगेत वर्षं जातात, महिने नव्हे.

हा आपला माहिती अधिकार नव्हे

निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. आपल्याकडं दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं की 30 दिवस मोजायचे आणि उत्तर नाही आलं की पहिलं अपील. तिकडच्या माहिती स्वातंत्र्य कायद्यातही 20 कामकाजी दिवस लिहिलेत. म्हणून एकविसाव्या दिवशी चिडून ईमेल करणारे मी पाहिलेत. उपयोग शून्य. तिथं प्रत्येक पान अभिलेखतज्ज्ञ वाचतो. तपासणी संपली की ते माजी आणि विद्यमान अशा दोन्ही राष्ट्राध्यक्षांना कळवावं लागतं, आणि कागद रोखायचा का, याचा विचार करायला त्यांना 60 कामकाजी दिवस मिळतात.

उलटी चूकही होते. आपल्या कायद्याच्या कलम 3 नुसार माहिती फक्त नागरिकांना मिळते, म्हणून 'आपण परदेशी, आपल्याला कोण देणार' असं समजून लोक अर्जच करत नाहीत. अमेरिकेचा कायदा नागरिकत्व विचारत नाही. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत बसून खुशाल अर्ज करा.

कोणता राष्ट्राध्यक्ष, ते आधी बघा

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर, 1978 मध्ये अमेरिकेनं कायदा केला की राष्ट्राध्यक्षांचे अभिलेख ही जनतेची मालमत्ता. तो लागू झाला 20 जानेवारी 1981 पासून, म्हणजे रेगन यांच्यापासून. हूव्हर ते कार्टर यांचे कागद दानपत्रानं आलेत. त्यांना माहिती स्वातंत्र्याचा अर्ज चालत नाही. त्यातला एखादा गोपनीय कागद हवा असेल तर गोपनीयता उठवण्याच्या फेरतपासणीची वेगळी विनंती करावी लागते. निक्सन यांचं प्रकरण आणखी निराळं. त्यांच्या कागदांसाठी आणि ध्वनिफितींसाठी 1974 चा स्वतंत्र कायदा आहे.

1971 च्या युद्धावर काम करणारे बहुतेक जण इथंच घसरतात. इंदिरा गांधी नोव्हेंबर 1971 मध्ये वॉशिंग्टनला गेल्या, तेव्हाची निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांची बोलणी मिळावीत म्हणून एक विद्यार्थी तीन पानी अर्ज घेऊन आला होता. मी त्याला चहा पाजला आणि अर्ज खिशात घालायला लावला. अमेरिकी परराष्ट्र खात्यानं दक्षिण आशियातल्या त्या पेचप्रसंगावरचा खंड 2005 मध्येच प्रसिद्ध केलाय, तो फुकट वाचता येतो. निक्सन यांच्या फितीही ऑनलाइन ऐकता येतात. आवाज खरखरीत आहे, हेडफोन लागतो, एवढंच.

तारीख चुकली की अर्ज गेला

रेगन यांच्यापासून पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या कागदांसाठी, त्यांनी पद सोडल्यापासून 5 वर्षं अर्ज चालत नाही. ओबामांसाठी दार उघडलं 20 जानेवारी 2022 ला, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीसाठी 20 जानेवारी 2026 ला. बायडन यांच्यासाठी 2030 च्या जानेवारीपर्यंत थांबा. शिवाय सहा प्रकारची माहिती 12 वर्षांपर्यंत रोखून धरता येते: राष्ट्रीय सुरक्षा, नेमणुका, इतर कायद्यांनी झाकलेलं, व्यापारी गुपितं, सल्लागारांशी झालेली खासगी चर्चा आणि व्यक्तींचं खासगीपण.

खरा ऐवज यादीतच असतो

पहिली काही पानं चाळून 'यात काही नाही' म्हणत फोल्डर बंद करणारे खूप. त्या फोल्डरच्या सुरुवातीला काढून घेतलेल्या कागदांची यादी असते, ती ओलांडूनच ते पुढं गेलेले असतात. त्यात प्रत्येक गायब कागदाची एक ओळ असते: टिपण की पत्र, विषय, तारीख, पानं किती, आणि शेवटी कारणाचा संकेत. पी-1 म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा, पी-5 म्हणजे सल्लागारांशी चर्चा.

आता गंमत बघा. पी-5 चं कुलूप 12 वर्षांनी गळून पडतं. क्लिंटन यांचं जानेवारी 2013 मध्ये पडलं, धाकट्या बुश यांचं 2021 मध्ये. जुन्या यादीत नुसतं पी-5 दिसलं, तर तोच कागद तारखेसकट पुन्हा मागा. पी-1 चं तसं नाही. गोपनीयतेचा शिक्का कुणीतरी उठवावा लागतो. संपादून पांढरी केलेली पानं हाती आली तर अपिलाला 90 दिवस असतात. उत्तराचं ईमेल स्पॅममध्ये पडून त्यातले चाळीस माझे वाया गेलेत.

चुकीच्या दारावरची टकटक

दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीच्या तारा (टेलिग्राम) अमेरिकी परराष्ट्र खात्याकडं मागायच्या, राष्ट्राध्यक्षांचे अभिलेख सांभाळणाऱ्या त्यांच्या नावाच्या लायब्ररीकडं नाही. खासगी रोजनिशी आणि निव्वळ पक्षीय कागद जनतेच्या मालकीचे नसतात. आणि शिकागोतल्या ओबामा सेंटरला कागदांसाठी लिहू नका. ते अभिलेख नॅशनल आर्काइव्हज या अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत.

एका विनंतीवरून खुले झालेले कागद पुढं सगळ्यांनाच खुले होतात, म्हणून लायब्ररीच्या संकेतस्थळावरची जुन्या अर्जांची यादी आधी चाळा. मी ती चाळली तेव्हा मला हवं होतं त्यातलं बरंच आधीच खुलं होतं. उरलेल्यासाठी दुसरा अर्ज असा गेला: 'राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 22 मार्च 2000 रोजी भारतीय संसदेत केलेल्या भाषणाचे मसुदे व त्यांवरील शेरे, कालावधी 1 ते 22 मार्च 2000, भाषणलेखन विभागाचे फोल्डर.' खाली यादीतली फोल्डरची नावं, जशीच्या तशी. रुमालाचा क्रमांक लिहावा तशी.