आधी फासे मोजा, मग भाव लावा: रोलप्लेइंग खेळात पात्राच्या प्रगतीची किंमत कशी ठरवावी

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात टेबलाभोवती बसून प्रत्येक जण एकेक पात्र चालवत कथा पुढे नेतो. सेशन, म्हणजे खेळाची एक बैठक, संपलं की खेळाडूंना एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतात आणि ते खर्चून आपलं पात्र वाढवता येतं. तलवारीची पातळी २ वरून ३ वर न्यायला किती एक्सपी लागतील, हे विकतच्या खेळात छापलेलं असतं. स्वतःचा खेळ रचताना मात्र तो भाव आपल्यालाच लावावा लागतो. तो चुकला की काही सेशननंतर सगळी पात्रं एकसारखी दिसू लागतात, नाहीतर एकच पात्र सगळी कामं उरकतं आणि बाकीचे मोबाइल काढून बसतात. खेळाडू कुठे एक्सपी घालतील हे कथेपेक्षा भावच जास्त ठरवतो, म्हणून या कामाला एक निवांत दुपार द्याच.

उदाहरणासाठी एक कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी कथा, धरू. साल १८१७, नागपूर. नोव्हेंबरात होणारी सीताबर्डीची लढाई अजून काही महिने लांब आहे. चार पात्रं आहेत: भोसल्यांच्या फौजेतला बारगीर, पेंचच्या जंगलातला गोंड वाटाड्या, शहराच्या महाल भागातला सावकार आणि एक वैदू. नियम साधा: लुडोच्या डब्यातले दोन फासे टाकायचे, बेरजेत कौशल्याची पातळी (० ते ५) मिळवायची. ८ किंवा जास्त आले तर काम फत्ते.

पायरी १: एक पातळी वाढली की नेमकं काय मिळतं?

दोन फाशांच्या ३६ शक्यता असतात. पातळी ० असताना त्यातल्या १५ शक्यतांमध्ये काम होतं. पातळी १ ला २१, २ ला २६, ३ ला ३०, ४ ला ३३ आणि ५ ला ३५. टक्क्यांत सांगायचं तर ४२ पासून सुरुवात होऊन ५८, ७२, ८३, ९२ आणि शेवटी ९७.

आता फरक बघा. पहिल्या पातळीने ६ शक्यता वाढल्या, दुसरीने ५, मग ४, ३, आणि पाचवीने फक्त २. म्हणजे दोन फाशांच्या खेळात वरच्या पातळ्या मुळातच कमी फायद्याच्या आहेत. वीस बाजूंच्या एकाच फाशावर असं होत नाही. तिथे प्रत्येक +१ ची किंमत सरळ ५ टक्के.

अवघडपणा बदलला की हे गणितही बदलतं. कामासाठी ८ ऐवजी १० लागत असतील तर यशाच्या शक्यता ६, १०, १५, २१, २६, ३० अशा वाढतात आणि सर्वांत मोठी उडी मधल्या, तिसऱ्या पातळीवर येते. तुमच्या कथेत सहसा ८ लागतात की १०, हे आधी ठरवा आणि तोच तक्ता समोर ठेवून पुढे चला. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

पायरी २: भावाची चढण निवडा

बहुतेक नवे जीएम (खेळ चालवणारे) ‘नवी पातळी गुणिले २’ असा भाव लावतात: २, ४, ६, ८, १०. दिसायला तो न्याय्य वाटतो. पण आपल्या तक्त्याशी जोडून बघा. पहिल्या पातळीला २ एक्सपीत ६ शक्यता मिळतात, पाचवीला १० एक्सपीत २. म्हणजे एकेक शक्यता पंधरापट महाग पडली. शहाणा खेळाडू तिसऱ्या पातळीच्या वर जाणारच नाही, आणि ‘आमचा बारगीर अख्ख्या फौजेत तलवारीला पहिला’ हे स्वप्न कागदावरच राहील. फाशांनी एकदा दंड केलेला असताना भावाने दुसऱ्यांदा करू नये.

दुसरं टोक म्हणजे सपाट भाव, प्रत्येक पातळीला ४ एक्सपी. हिशेबाला सोपा, आणि दोन फाशांच्या खेळात बऱ्यापैकी चालतो. मला मात्र मधला रस्ता पटतो: २, ३, ४, ५, ६. पाच पातळ्यांचे एकूण २० एक्सपी, म्हणजे सपाट भावाइतकेच; पण नवं कौशल्य शिकायला स्वस्त आणि उस्ताद व्हायला जरा कष्टाचं. पुढची उदाहरणं याच भावाने दिली आहेत.

वीस बाजूंचा फासा वापरत असाल तर चढण याहून उभी ठेवली तरी चालेल, कारण तिथे फासा स्वतः काहीच आवरत नाही. १९७८ च्या रूनक्वेस्ट या खेळात तर आवर घालण्याचं काम फाशावरच सोपवलं आहे: वापरलेलं कौशल्य वाढवायला शंभराच्या फाशावर सध्याच्या आकड्याहून जास्त पडावं लागतं. कौशल्य जितकं वर, तितकं वाढणं कठीण. एक्सपीचा हिशेबच ठेवायला नको.

पायरी ३: पात्र बनवतानाचा भाव आणि नंतरचा भाव एकच ठेवा

सगळ्यांत जास्त अन्याय होतो तो इथे, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

समजा सुरुवातीला प्रत्येकाला १० ठिपके वाटले: एक ठिपका म्हणजे एक पातळी. बारगीर चालवणाऱ्याने दोन कौशल्यं थेट ५ वर नेली. वैदू चालवणारीने पाच कौशल्यं २ वर ठेवली, कारण तिला गावोगाव फिरलेली, थोडं थोडं सगळं येणारी बाई हवी होती. दोघांचे ठिपके सारखेच. पण एक्सपीच्या भावाने मोजा: बारगिराकडे ४० एक्सपींचा माल आहे, वैदूकडे २५ चा.

पुढे दोघांनाही दोन कौशल्यं ५ वर आणि तीन २ वर असं पात्र करायचं आहे. बारगिराला तीन कौशल्यं शून्यापासून २ वर न्यायला १५ एक्सपी लागतात. वैदूला दोन कौशल्यं २ वरून ५ वर न्यायला ३०. सेशनला ३ एक्सपी मिळत असतील तर तो पाच सेशनमध्ये पोहोचतो, ती दहामध्ये. वैदूने काहीच गैर केलेलं नाही. तिने फक्त चौफेर पात्र निवडलं.

मोठ्या खेळांतही हे झालं आहे. १९९१ च्या व्हॅम्पायर: द मास्करेडमध्ये पात्र बनवताना ठिपके सरळ मोजले जात आणि नंतर मात्र सध्याच्या पातळीला गुणून एक्सपी द्यावे लागत. त्याच घराण्यातल्या काही नव्या खेळांनी २०१३ पासून सपाट भाव धरला. आपल्याला सोपा उपाय आहे: ठिपके देऊच नका. सुरुवातीलाच प्रत्येकाला ३० एक्सपी द्या आणि त्याच २, ३, ४, ५, ६ च्या भावाने खरेदी करू द्या.

पायरी ४: कौशल्यांचे तुकडे मोजा

यादीत भाव सारखा असूनही एखादं पात्र महाग पडू शकतं. आपल्या वाटाड्याकडे बघा. यादीत ‘माग काढणे’, ‘जंगलात वाट शोधणे’, ‘जनावर ओळखणे’ आणि ‘आवाज न करता चालणे’ अशी चार कौशल्यं वेगवेगळी लिहिली असतील, तर रामटेकच्या पुढच्या रानात चोख काम करायला त्याने चारदा पैसे मोजायचे. बारगीर मात्र ‘तलवार’ एकदाच घेतो आणि दर लढाईत वापरतो. ज्या विषयाची जीएमला आवड किंवा माहिती जास्त, त्याचे तुकडे जास्त पडतात. आपल्याकडे पेंच-ताडोबा पाहिलेली माणसं टेबलावर असतात, म्हणून जंगलाची यादी हमखास लांबते.

तीन-चार सेशन वहीत खुणा करा: कोणतं कौशल्य किती वेळा टाकलं गेलं. जी दोन कौशल्यं कायम एकाच प्रसंगात येतात ती एकत्र करा. जे कौशल्य कधीच येत नाही, त्याचा भाव उतरवून काही होत नाही. स्वस्त म्हणून कुणी निरुपयोगी वस्तू घेत नाही. सावकाराने ‘दस्तऐवज वाचणे’ घेतलं असेल तर मोडीतला एखादा करारनामा त्याच्यासमोर टाका, नाहीतर ते कौशल्य यादीतून काढा आणि त्याचे एक्सपी परत करा.

पायरी ५: क्षमतांचा भाव

चपळाई, ताकद, बुद्धी अशा क्षमता अनेक कौशल्यांना एकदम वर उचलतात. त्यामुळे त्या स्वस्त ठेवल्या की सगळे तिथेच धावतात. गर्प्स या रोलप्लेइंग खेळाच्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत चपळाई एकाने वाढवायला २० गुण लागतात आणि मुरलेलं कौशल्य एकाने वाढवायला ४. म्हणजे चपळाईवरची अशी पाच कौशल्यं झाली की क्षमताच घेणं परवडतं. तुमच्या खेळातही हा आकडा काढा. एका क्षमतेखाली सहा कौशल्यं लिहिली असली तरी एका पात्राला त्यातली दोन-तीनच खऱ्या उपयोगाची असतात. तेव्हा तीन कौशल्यांच्या सरासरी पायरीइतका, आपल्या भावाने १२ एक्सपी, दर ठेवा. कॅम्पेन वर्षभरापेक्षा छोटी असेल तर क्षमता ठेवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ६: मिळकत ठरवा

महिन्यातून दोन रविवार म्हणजे वर्षाला २४ सेशन. त्यातून दिवाळी, लग्नसराई, परीक्षा आणि मे महिन्यातले काही रविवार वजा करा, १८ धरा. सेशनला ३ एक्सपी दिले तर वर्षाचे ५४. एक कौशल्य शून्यापासून ५ वर न्यायला २० लागतात, म्हणजे साधारण सात सेशन. हा वेग बरा आहे: दर एक-दोन सेशनला काहीतरी घेता येतं आणि उस्ताद व्हायला चार-पाच महिने लागतात.

एक्सपी सगळ्यांना सारखे द्या, न आलेल्यालाही. बुटीबोरीला शिफ्ट असलेला किंवा मेडिकलला ड्यूटी लागलेला मित्र हौसेने गैरहजर राहत नाही, आणि मागे पडलेलं पात्र घेऊन परत यायला कुणालाच उत्साह वाटत नाही.

पायरी ७: कागदावर चालवा, मग टेबलावर बघा

खेळ सुरू करण्याआधी दोन पात्रं कागदावर वर्षभर पुढे न्या: एक सगळे एक्सपी दोनच कौशल्यांत घालणारं, दुसरं पसरून घालणारं. दोघांना प्रत्येकी एक असा प्रसंग सुचतो का, जो दुसऱ्याला निभावता येणार नाही? एकाला सुचला नाही तर पायरी २ कडे परत जा.

खेळ सुरू झाल्यावर खरेदी बघत राहा. चारपैकी तिघांनी पहिल्याच महिन्यात एकच गोष्ट घेतली तर ती स्वस्त आहे. भाव बदलायचा तो दोन मोहिमांच्या मधे बदला, सर्वांना आधी सांगा, आणि त्या कौशल्यावर आजवर खर्च झालेले एक्सपी परत देऊन नव्या भावाने पुन्हा खरेदी करू द्या. कुणी तेच कौशल्य पुन्हा घेतलं आणि एक्सपी कमी पडले, तर पातळी तशीच ठेवून फरक पुढच्या दोन सेशनच्या मिळकतीतून वळता करा.