लॅटिन शिकताना षष्ठी सोडू नका

लॅटिनच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या मागे शब्दसूची असते आणि तिच्यात प्रत्येक नामापुढे तीन गोष्टी असतात: प्रथमेचं एकवचन, षष्ठीचं एकवचन आणि लिंग. उदाहरणार्थ, रेक्स, रेगिस, पु. – राजा. नवशिके बहुधा 'रेक्स म्हणजे राजा' एवढंच पाठ करतात. लॅटिन नामांचे प्रत्ययांनुसार गट पडतात; त्यांतल्या तिसऱ्या गटाची नामं आली की ते अडकतात आणि सगळे शब्द पुन्हा पाठ करायची वेळ येते.

मधली गोष्ट मराठी माणसाला चटकन कळावी अशी आहे: षष्ठीतून नामाचं सामान्यरूप मिळतं. आपण 'भाऊला' म्हणत नाही, 'भावाला' म्हणतो. 'पाणीत' नाही, 'पाण्यात'. लॅटिनचंही तसंच. 'रेगिस'मधून षष्ठीचा 'इस' काढला की 'रेग' उरतं, आणि पुढचे प्रत्यय त्यालाच लागतात: द्वितीया रेगेम, चतुर्थी रेगी. होमो (माणूस) याची षष्ठी होमिनिस, इतेर (प्रवास) याची इतिनेरिस, फ्लोस (फूल) याची फ्लोरिस. नुसत्या प्रथमेवरून हे ओळखता येत नाही.

नाम कोणत्या गटातलं हेही षष्ठीच सांगते. गट पाच, त्यांचे षष्ठीचे प्रत्यय क्रमाने आइ, ई, इस, ऊस, एई. सेर्वुस (गुलाम), कोर्पुस (शरीर), मानुस (हात) ही तिन्ही नामं 'उस'ने संपतात, पण षष्ठी अनुक्रमे सेर्वी, कोर्पोरिस, मानूस. म्हणजे पहिलं दुसऱ्या गटातलं, दुसरं तिसऱ्या आणि तिसरं चौथ्या. (मानुसचा आपल्या माणसाशी संबंध नाही. तो हात आहे आणि वर स्त्रीलिंगी.) गट माहीत नसेल तर 'रेगिस' म्हणजे राजाचा आणि 'सेर्वीस' म्हणजे गुलामांना, हा फरकही कळणार नाही, कारण रोमन लिपीत स्वराची लांबी दाखवली नाही तर दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो.

वही आणि कार्डं

इथे शब्द देवनागरीत दिले आहेत, पण वहीत रोमन लिपीतच लिहा. लॅटिनमध्ये ए आणि ओ यांचेही ऱ्हस्व-दीर्घ असतात आणि ते देवनागरीत दाखवता येत नाहीत. दीर्घ स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पुएल्ला (मुलगी) या नामाची प्रथमा आणि पंचमी लिहायला सारखीच. फरक शेवटच्या स्वराच्या लांबीचा. उच्चारांच्या दोन पद्धती आहेत: प्राचीन रोमन आणि चर्चमधली. सिसेरो या रोमन वक्त्याचं नाव पहिलीत किकेरो, दुसरीत चिचेरो. कुठलीही एक धरा, मिसळ करू नका. इथे पहिली वापरली आहे.

रोज आठ-दहा नामं पुरेत. कार्डाच्या एका बाजूला प्रथमा, षष्ठी, लिंग. दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. उलटतपासणी मराठीकडून लॅटिनकडे करा. 'राजा' वाचून 'रेक्स, रेगिस, पुल्लिंग' हे तिन्ही आलं तरच कार्ड पास. आलेलं कार्ड तीन दिवसांनी, मग आठवड्याने. चुकलेलं उद्या पुन्हा.

शाळेत संस्कृत झालं असेल तर बरेच शब्द ओळखीचे निघतात. पातेर, मातेर, फ्रातेर म्हणजे पितृ, मातृ, भ्रातृ. इग्निस म्हणजे अग्नी. गंमत अशी, की नातं पुष्कळदा षष्ठीतच उघड होतं. देन्स (दात) ऐकून काही आठवत नाही, देन्तिस म्हटलं की दन्त समोर येतो. पेस (पाय) याची षष्ठी पेदिस, म्हणजे आपलं पद. रेक्सपेक्षा रेगिस राजाच्या जवळचा. पोर्तुगीजांमार्फत आलेले शब्दही कामाला येतात: पावामागे पानिस, चावीमागे क्लाविस, मेस्त्रीमागे मागिस्तेर आणि पाद्रीमागे पुन्हा पातेरच.

मराठी कान कुठे फसतो

विभक्तींची कल्पना आपल्याला नवी नाही आणि लिंगंही तीनच. तरी चार ठिकाणी मराठीच पाय ओढते. त्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा.

पहिलं ठिकाण 'ला'. शाळेतलं 'स, ला, ते' आठवा: मराठीत द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय जवळपास एकच. 'मुलाला पाहतो' आणि 'मुलाला पुस्तक देतो' यांत आपल्याला फरक ऐकू येत नाही. लॅटिनमध्ये पहिलं पुएरुम विदेओ, दुसरं पुएरो लिब्रुम दो. प्रत्येक 'ला'पाशी थांबून विचारा: क्रिया थेट याच्यावर घडतेय, की याला काही मिळतंय?

दुसरं, प्रत्यय नसलेलं कर्म. 'मी पुस्तक वाचतो' यात पुस्तकाला काहीच लागत नाही, म्हणून हात आपोआप प्रथमा लिहितो. पण लिबेर लेगो चूक, लिब्रुम लेगो बरोबर. वस्तू निर्जीव असली तरी द्वितीया हवीच.

तिसरं ठिकाण 'ने' आणि 'नी', आणि इथे चूक सर्वांत चिवट. 'मुलींनी पुस्तक वाचलं' यात कर्ता तृतीयेत आणि क्रियापद पुस्तकाच्या मागे. लॅटिनमध्ये भूतकाळातही कर्ता प्रथमेत राहतो आणि क्रियापद त्याच्याच मागे जातं: पुएल्लाइ लिब्रुम लेगेरुन्त. वाक्य आधी वर्तमानकाळात करून घ्या, 'मुली पुस्तक वाचतात', मग काळ बदला. 'तलवारीने' मात्र खरी तृतीया आहे. लॅटिनमध्ये तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी एकाच रूपात मिसळली आहे, त्याला अॅब्लेटिव्ह म्हणतात. म्हणून ग्लादिओ म्हणजे तलवारीने आणि अब उर्बे म्हणजे शहरापासून.

चौथं ठिकाण 'त'. 'शहरात आहे' आणि 'शहरात जातो' या दोन्हींत आपण 'शहरात'च म्हणतो. लॅटिनमध्ये असण्याला इन उर्बे, जाण्याला इन उर्बेम.

एका जागी मात्र मराठी थेट कामी येते. 'मला एक भाऊ आहे' हे लॅटिनमध्ये चतुर्थीनेच म्हणता येतं: मिही फ्रातेर एस्त. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे पाठ करावं लागतं.

कोणत्या क्रमाने

पहिल्या आठवड्यात फक्त पुएल्ला. एकवचन: पुएल्ला, पुएल्लाम, पुएल्लाइ, पुएल्लाइ, पुएल्ला, अनेकवचन: पुएल्लाइ, पुएल्लास, पुएल्लारुम, पुएल्लीस, पुएल्लीस. क्रम प्रथमा, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, अॅब्लेटिव्ह. अमेरिकन पुस्तकांत षष्ठी दुसऱ्या जागी असते. आपल्या पुस्तकाचा क्रम धरा आणि 'रामः रामौ रामाः'च्या चालीत मोठ्याने म्हणा. इथे द्विवचन नाही, तेवढा भार कमी. या गटातली नामं बहुतेक स्त्रीलिंगी, पण नाउता (नावाडी) आणि आग्रिकोला (शेतकरी) पुल्लिंगी. म्हणून चांगला नावाडी नाउता बोनुस, 'बोना' नाही.

दुसऱ्या आठवड्यात सेर्वुस आणि नपुंसकलिंगी बेल्लुम (युद्ध). नपुंसकलिंगाची प्रथमा आणि द्वितीया नेहमी सारखी, अनेकवचनात शेवटी 'आ'; संस्कृतातलं फलम्, फलम् आठवलं की झालं. 'एर'ने संपणाऱ्या नामांत पुन्हा षष्ठी पाहा: पुएर, पुएरी यात 'ए' टिकतो, आगेर (शेत), आग्री यात गळतो. संबोधनाचं वेगळं रूप फक्त याच गटात, 'उस'वाल्या एकवचनात: सेर्वे.

तिसऱ्या गटाला तीन आठवडे द्या. चौथ्या-पाचव्यातली मानुस, रेस (गोष्ट), दिएस (दिवस) अशी मोजकी नामं सुरुवातीला पुरतात.

पहिल्या आठवड्यापासून रोज पाच वाक्यं वाचा. पुएर पुएल्लाइ रोसाम दात: मुलगा मुलीला गुलाब देतो. शब्दांचा क्रम अगदी मराठीसारखा, म्हणूनच अंदाजाने वाचायचा मोह होतो. प्रत्येक नामाखाली विभक्ती आणि वचन लिहा. 'पुएल्लाइ' मुलीला, मुलीचा किंवा मुली यांपैकी काहीही असू शकतं. इथे 'दात' एकवचनी आहे, म्हणून 'मुली' गळतं, आणि 'मुलीचा गुलाब' हा अर्थ व्याकरणात बसत असला तरी 'देणे' म्हटलं की घेणारा लागतोच.