दीडशे शब्दांत माणूस उभा कसा करावा

आधी हा परिच्छेद वाचा. अलकेचा, म्हणजे अति लघु कथेचा, माझा पहिला खर्डा असा होता:

"सुमनकाकू साठीच्या, गोऱ्या, किरकोळ बांध्याच्या. नवरा मिलमध्ये होता. मिल बंद पडली, नवरा खचला आणि गेला. काकूंनी कष्टाने मुलगा वाढवला. गरिबी असली तरी त्या अतिशय प्रामाणिक आणि स्वाभिमानी होत्या."

यात चुकीचं काही नाही, तरीही या बाईला तुम्ही रस्त्यात ओळखणार नाही. मी तिच्याविषयी माहिती दिली आहे, तिला भेटवलेलं नाही. कादंबरीत अशी माहिती खपून जाते, कारण पुढची दोनशे पानं तिला जिवंत करतात. अलकेत पुढची पानंच नसतात.

(इथे इंदुरात शब्दांचा एक घोळ होतो. मराठीतली लघुकथा म्हणजे हिंदीतली 'कहानी', आणि हिंदीवाले ज्याला 'लघुकथा' म्हणतात ती आपली अलक, अति लघु कथा. मी शंभर-दीडशे शब्दांच्या कथेबद्दल बोलतो आहे.)

आता याच सुमनकाकूंना आपण टप्प्याटप्प्याने उभं करू.

वेळ निवडा

दीडशे शब्दांत एक माणूस मावतो. फार तर दुसरा अर्धा. आयुष्य अजिबात मावत नाही. म्हणून पहिला प्रश्न 'ती कशी आहे' असा न विचारता 'तिला कुठल्या पाच मिनिटांत गाठू' असा विचारा.

काकूंची पार्श्वभूमी खरी आहे. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१-९२च्या सुमारास बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा खटला तीस वर्षं चालला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांच्या सुमारे २२४ कोटी रुपयांच्या थकबाकीचा प्रश्न सुटला. तोवर कितीतरी कामगार हयात नव्हते. त्यांच्या वाट्याचे पैसे बायकामुलांच्या हाती आले.

एवढं मोठं काही घडलं की हात आपोआप त्या मोठ्या क्षणाकडे जातो: धनादेश, टाळ्या, डोळ्यांत पाणी. तो क्षण घेऊ नका. तिथे सगळी माणसं सारखी दिसतात, कारण प्रसंगच त्यांच्याकडून वागवून घेतो. त्यानंतरचा एखादा साधा मंगळवार घ्या. पैसे खात्यात आले, पेढे वाटून झाले, मुलाने गाडीची गोष्ट काढून झाली. आता काकू एकट्याच घराबाहेर पडल्या आहेत. कुठे चालल्या असतील?

मी त्यांना किराणा दुकानात नेलं. मिल बंद झाली त्या वर्षी घर उधारीवर चाललं असणार, आणि ती उधारी कुणाची तरी राहिली असणार.

हातांना काम द्या

स्वाभिमानी, कष्टाळू, प्रेमळ ही विशेषणं म्हणजे लेखकाने वाचकाच्या आधी काढलेला निष्कर्ष. वाचकाला पुरावा हवा असतो, आणि तो हातांत सापडतो.

यासाठी एक सराव सांगतो, मी तो अजूनही करतो. सकाळी कुठल्याही पोह्यांच्या दुकानाशी उभे राहा. एकच माणूस निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याची क्रियापदं टिपा. रंग, वय, कपडे काही नाही. माझ्या वहीतलं एक टिपण असं आहे: कागद झटकतो. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) पुन्हा मागतो. शेव बाजूला सारतो. पोहे संपवतो. बाजूला सारलेली सगळी शेव शेवटी एका घासात खातो. तो माणूस कोण होता, मला ठाऊक नाही. पण आवडीची गोष्ट शेवटी राखून ठेवणारा माणूस मला मिळाला, आणि त्याच्यासाठी एकही विशेषण खर्चावं लागलं नाही.

सराफ्यात रात्री हा सराव करायला गेलात तर जपून. सोन्याची दुकानं मिटल्यावर ओट्यांवर खाण्याची गर्दी जमते आणि नजर लगेच दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणाऱ्यावर जाते. तो बघण्यासारखा आहेच, पण तो आपणहून दाखवतो आहे. द्रोण वर गेल्यावर ज्याचा हात नकळत स्वतःच्या शर्टाकडे जातो, त्या गिऱ्हाइकाकडे बघा. पात्र तिथे आहे.

काकूंच्या हातांना मी रुमालाची गाठ दिली. नोटा गाठीत बांधलेल्या, ठेवताना त्या सरळ करतात. बाई काटकसरी आहे हे आता लिहावं लागत नाही.

न गेलेला राग शोधा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो.

गाठ सोडून काकू जुनी उधारी फेडतात, दुकानदार चकित होतो, कथा संपते. दुसरा खर्डा एवढाच होता. वाचणारे 'छान' म्हणाले आणि विसरले. काकू अजून माणूस झाल्या नव्हत्या, प्रामाणिकपणाचा धडा झाल्या होत्या. नुसता चांगुलपणा पारदर्शक असतो. नजर त्यातून आरपार जाते, अडकत नाही. तिला अडकायला एखादी खाच लागते.

अशा वेळी पात्राला दुर्गुण चिकटवण्याचा सल्ला दिला जातो: लोभ द्या, तुसडेपणा द्या. मला ते पटत नाही. बाहेरून आणलेला दुर्गुण बाहेरचाच राहतो. त्यापेक्षा पात्राला एक प्रश्न विचारा: कुठल्या लहानशा गोष्टीचा राग तुमच्या मनातून अजून गेलेला नाही? मोठ्या अन्यायाचा राग सगळ्यांना सारखा येतो. बारीक राग ज्याचा त्याचा असतो.

काकूंना विचारलं तेव्हा गूळ निघाला. त्या वर्षी उधारीवर आणलेला दोन किलो गूळ खराब होता. चौदा रुपयांचा. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत.

का बोलल्या नाहीत, यावर मी बराच वेळ थांबलो, आणि तिथेच कथा सापडली. उधारीवर नेणाऱ्याला तक्रारीची सोय नसते. रोखीने घेणारा पिशवी परत आणून आपटू शकतो. उधारीचं गिऱ्हाईक खराब गूळ मुकाट्याने घरी नेतं, निवडून वापरतं आणि लक्षात ठेवतं. म्हणजे काकू फक्त देणं चुकतं करायला आलेल्या नाहीत. इतकी वर्षं गिळलेली तक्रार करण्याचा हक्क मिळवायला त्या आल्या आहेत. तेव्हा त्या पूर्ण रक्कम देणारच नाहीत. चौदा रुपये कापून देतील.

प्रामाणिकपणा आणि हट्ट एकाच कृतीत आले की पात्राला सावली पडते. तुमच्या पात्राच्या दोन बाजू दोन वेगळ्या वाक्यांत असतील, तर त्या एका कृतीत बसतील असं काम शोधा. ते मिळेपर्यंत पुढे लिहू नका.

कोण काय म्हणून हाक मारतो

मराठीत चरित्राचं अर्धं काम हाक करते. 'अहो' की 'अगं', 'काकू' की 'बाई', 'आई' की 'सासूबाई', एवढ्यावरून नातं, वय आणि अंतर कळतं. निवेदक त्यांना 'सुमनकाकू' म्हणतो, म्हणजे तो शेजारचा, वयाने लहान. दुकानदार 'काकी' म्हणतो: हिंदी बोलणारा, लहानपणापासून त्यांना बघत आलेला. त्याचे वडील बहुधा 'बाई' म्हणायचे. आडनाव, गल्ली, सुनेचं नाव काहीही न देता या दोन हाकांत मोहल्ला उभा राहतो.

बोलीचंही तसंच. इंदूरच्या घरांत 'तू काय करून राहिलाय' सर्रास ऐकू येतं आणि दुकानात शिरताच आपण हिंदीवर जातो. काकू पुणेरी मराठीत किराणा मागायला लागल्या तर कथा तिथेच खोटी पडेल. पण दर वाक्यात 'भिया' (इंदुरी 'भाऊ') घातलात तर पात्र नकलाकार होतं. एखादाच शब्द पुरतो. काकू हिंदीत 'चौदह' म्हणणार नाहीत, 'चौदा' म्हणतील. मुंबईकर 'गिरणी' म्हणेल, आमच्याकडे ती 'मिल'च.

हिशेब तपासा

हे कंटाळवाणं काम आहे, पण करा. पहिल्या खर्ड्यात काकू 'साठीच्या' होत्या. मिल बंद पडली तेव्हा नवरा पंधरा-वीस वर्षांचा जुना कामगार आणि त्या पस्तिशी ओलांडलेल्या, असं धरलं तर आज त्या सत्तरीच्या आसपास येतात. मग दुकानाच्या पायऱ्या त्या भरभर चढणार नाहीत. नवरा रोजच्या पगारावर, तर उधारी हजारांत जाणार नाही. ४१२ रुपये शोभतात. चौदा वजा केले की ३९८. तीन शंभराच्या, एक पन्नासाची, दोन विसाच्या नोटा आणि आठ रुपये सुटे. ही चिल्लर हिशेबातूनच आली, मला सुचली नव्हती.

व्याजाचाही विचार केला. काकू व्याज देत नाहीत. किराण्याच्या महिनेवारी उधारीला त्यांनी व्याज कधी पाहिलेलंच नाही.

काढून टाका

गोरा रंग गेला. नवऱ्याचं खचणं गेलं, मुलगाही गेला. दुकानातला पेमेंटचा डबा, 'पचास रुपये प्राप्त हुए' म्हणणारा, मला फार आवडला होता. गाठीतल्या नोटांशेजारी तो चांगला वाजत होता. पण तो आला की वाचक जुना काळ आणि नवा काळ असा विचार करू लागतो आणि काकूंवरून नजर हटते. तोही काढला. जो तपशील पात्रापेक्षा लेखकाची हुशारी दाखवतो, तो कितीही चांगला असला तरी जागा अडवतो.

शेवटी काकूंचे डोळे भरून येत होते. ते वाक्यही खोडलं. उरलं ते असं:

सुमनकाकूंनी रुमालाची गाठ सोडली, नोटा एकेक करून सरळ केल्या आणि वजनकाट्याशेजारी ठेवल्या. वर आठ रुपयांची चिल्लर.

"ये क्या है, काकी?"

"तुम्हारे पिताजी का. मिल बंद हुई उस साल का."

दुकानदाराने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. "उनकी बही तो कब की रद्दी में गई. रहने दो ना."

काकूंनी पिशवीतून घड्यांवर फाटत आलेला कागद काढला. बारीक अक्षरातल्या ओळीच ओळी. शेवटी ४१२.

त्याने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"काकी, ये तो तीन सौ अट्ठानबे हैं."

"वो गुड़ खराब निकला था," काकू म्हणाल्या. "उसके चौदा काटे."

वाचून दाखवा, पण वेगळा प्रश्न विचारा

'आवडली का?' असं विचारू नका. जवळचं माणूस 'हो'च म्हणतं. त्याऐवजी विचारा, 'कथा संपल्यावर ही काय करेल?' ऐकणारा गोंधळला, किंवा 'सुखाने घरी जाईल' असं गुळमुळीत काही म्हणाला, तर पात्र अजून कागदावरच आहे. रागाच्या प्रश्नाकडे परत जा. पात्र उभं राहिलं असेल तर उत्तर चटकन येतं, आणि ते तुमच्या कथेत कुठेच लिहिलेलं नसतं.

मी ही अलक माझ्या आत्याला वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती, मानही वर केली नाही.

"जाताना गूळ घेईल," ती म्हणाली. "पण चाखून."