व्हॅलेटा पाहायला जाताना या चुका टाळा

माल्टाची राजधानी व्हॅलेटा नकाशावर पाहिली, तर दोन नैसर्गिक बंदरांच्या मध्ये शिरलेली, साधारण एक किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर रुंद अशी जमिनीची पट्टी दिसते. बहुतेक प्रवासी या आकारावरूनच आपला बेत ठरवतात. सकाळी क्रूझमधून उतरायचे, जेवणाच्या वेळेपर्यंत शहर उरकायचे आणि दुपारी इम्दिना हे जुने तटबंदी शहर किंवा शेजारचे गोझो बेट गाठायचे, असा तो बेत असतो. शहर लहान आहे हे खरे, पण म्हणून ते झटपट पाहून होते, हे खरे नाही. तिथे होणाऱ्या बऱ्याचशा फजित्यांचे मूळ या गैरसमजात आहे.

सपाट नकाशा आणि चाकांची बॅग

१५६५ साली ऑटोमन सैन्याचा वेढा परतवून लावल्यानंतर, तेव्हा माल्टावर सत्ता असलेल्या सेंट जॉनच्या ख्रिस्ती लष्करी पंथाच्या नाइट सरदारांनी २८ मार्च १५६६ रोजी या ओसाड टेकडीवर नव्या शहराचा पाया घातला. फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याच्या मूळ आराखड्यात टेकडीचा माथा तासून सपाट करण्याची कल्पना होती, परंतु शत्रू पुन्हा केव्हाही येईल या धास्तीने तटबंदीला अग्रक्रम मिळाला आणि सपाटीकरण अर्धवटच राहिले. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते मात्र आराखड्याप्रमाणेच आखले गेले, त्यामुळे टेकडीच्या उतारावर आलेले रस्ते कुठे तीव्र चढाचे, तर कुठे चक्क पायऱ्यांचे झाले. नकाशावर तीनशे मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात तीन-चार मजले चढण्याइतके निघू शकते, ते या कारणाने.

याचा पहिला फटका सामानाला बसतो. शहराच्या मध्यभागातील अनेक रस्ते पादचाऱ्यांसाठी राखीव आहेत आणि टॅक्सी दारापर्यंत येईलच असे नाही. जुन्या घरांतील खोल्या भाड्याने घेताना छायाचित्रातील लाकडी सज्जे पाहून हुरळून जाण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: रस्ता पायऱ्यांचा आहे का, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट आहे का. घरात ज्येष्ठ मंडळी असतील, तर रिपब्लिक स्ट्रीट किंवा मर्चंट्स स्ट्रीट यांच्या जवळची, म्हणजे टेकडीच्या कण्यावरची जागा निवडावी, कारण या लांब रस्त्यांवर चालणे तुलनेने सोपे जाते. फरसबंदीचा चुनखडी दगड वापराने गुळगुळीत झालेला आहे आणि पावसाचा शिडकावा झाला की त्यावर पाय सटकतो, तेव्हा तळवे झिजलेल्या चपला घरीच ठेवलेल्या बऱ्या. भाड्याची मोटार घेऊन शहरात शिरणे हाही असाच अविचार आहे. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात म्हणून हुरूप येतो खरा, पण पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. बसचे मुख्य स्थानक वेशीबाहेर ट्रायटन कारंज्याजवळ आहे, तिथून पायी आत जावे.

चुकीच्या धक्क्यावर उभे राहणे

व्हॅलेटाहून फेरीबोटीने जायचे म्हटले की कोणत्या बाजूने, हा प्रश्न आधी विचारायला हवा. पलीकडच्या स्लीमा शहराला जाणारी बोट मार्सामशेट बंदराच्या, म्हणजे वायव्येकडील धक्क्यावरून सुटते. बिर्गू, सेंग्लिया आणि बोर्म्ला या ‘थ्री सिटीज’कडे जाणारी बोट ग्रँड हार्बरच्या बाजूने, अगदी विरुद्ध दिशेने सुटते आणि गोझोची जलद बोटही त्याच बाजूची. चुकीच्या धक्क्यावर पोहोचल्याचे लक्षात आले, तर मधली टेकडी चढून पलीकडे उतरण्याला पर्याय नाही, आणि घाईघाईने हे केले तरी हातातली बोट बहुधा सुटलेलीच असते. अशा वेळी धावपळ न करता पुढच्या बोटीची वेळ पाहावी किंवा वेशीबाहेर येऊन बस पकडावी, कारण थ्री सिटीज आणि स्लीमा ही दोन्ही ठिकाणे रस्त्यानेही जोडलेली आहेत.

ग्रँड हार्बरच्या बाजूला एक मोठी सोय आहे. २०१२ साली सुरू झालेली बराक्का लिफ्ट पाण्याच्या पातळीजवळून थेट अप्पर बराक्का उद्यानात नेऊन सोडते. क्रूझमधून उतरलेले कित्येक जण ही लिफ्ट माहीत नसल्याने भर उन्हात तटाखालचा चढ चढत राहतात आणि वर पोहोचेपर्यंत शहर पाहण्याचा उत्साहच मावळतो.

कॅथेड्रल शेवटी ठेवणे

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल बाहेरून पाहिले तर एखाद्या कोठारासारखे रुक्ष दिसते. पाहणाऱ्याला वाटते, अर्धा तास पुष्कळ झाला. जिरोलामो कासार याच्या आराखड्यानुसार १५७० च्या दशकात बांधलेल्या या इमारतीचा दर्शनी भाग मुद्दामच लष्करी शिस्तीचा ठेवलेला आहे. आत मात्र मात्तिया प्रेती याने रंगवलेले छत आहे आणि पायांखाली रंगीत संगमरवराच्या सुमारे चारशे थडग्यांची फरशी आहे. प्रत्येक शिळेवर एकेका सरदाराची वंशचिन्हे, सांगाडे आणि लॅटिन मजकूर जडवलेला आहे. या फरशीला इजा होऊ नये म्हणून टोकदार टाचांच्या पादत्राणांना मनाई आहे. खांदे झाकलेले असणेही आवश्यक असते, तेव्हा एक ओढणी किंवा उपरणे जवळ असू द्यावे. रविवारी येथे प्रार्थना चालते आणि पर्यटकांना प्रवेश नसतो. क्रूझचा एकमेव दिवस रविवार असेल, तर ही गोष्ट आधीच माहीत असलेली बरी.

घाईत सर्वांत मोठे नुकसान होते ते कारावाज्जो या इटालियन चित्रकाराचे चित्र नीट न पाहिल्याने. १६०८ साली रंगवलेले योहान बाप्तिस्त या ख्रिस्ती संताच्या शिरच्छेदाचे हे भव्य चित्र ज्या प्रार्थनागृहासाठी काढले गेले, तिथेच आजही आहे. लोक येतात, फोनमध्ये टिपतात आणि वळतात. वास्तविक चित्राच्या खालच्या कडेशी, मानेतून ओघळलेल्या रक्ताच्या थारोळ्यात चित्रकाराने आपले नाव लिहिलेले आहे, आणि त्याने स्वाक्षरी केलेले हे एकमेव चित्र मानले जाते. त्याच वर्षी जुलैमध्ये तो सेंट जॉनच्या पंथाचा नाइट झाला, पुढे एका मारामारीपायी कैदेत पडला, समोरच्या सेंट अँजेलो किल्ल्यातून निसटला आणि डिसेंबरमध्ये याच दालनात, त्याच्याच चित्रासमोर भरलेल्या सभेत, पंथातून हाकलला गेला. एवढे माहीत असून जो पंधरा मिनिटे तिथे उभा राहील, त्याचे तिकीट वसूल झाले असे म्हणता येईल. माझ्या मते सकाळी दार उघडतानाच येथे यावे आणि बाकीचे शहर नंतर पाहावे.

तोफेसाठी दुपारी बाराचा आग्रह

अप्पर बराक्काच्या खालच्या सॅल्युटिंग बॅटरीवरून, म्हणजे सलामीच्या तोफांच्या तळावरून, दुपारी बारा आणि चार वाजता तोफ डागली जाते. बाराची तोफ ही एके काळी बंदरातील जहाजांना आपली घड्याळे जुळवता यावीत म्हणून उडवली जाई. बारा वाजता कठड्याला माणसांच्या तीन-तीन रांगा लागतात आणि समोरून येणाऱ्या उन्हामुळे पलीकडचे किल्ले धुरकट दिसतात. चार वाजता सूर्य पाठीशी गेलेला असतो आणि बिर्गू, सेंग्लियाचा पिवळसर दगड उजळून निघतो, म्हणून चारची वेळ अधिक चांगली. या कठड्यावरून दिसणारे बंदर आपल्याकडच्या माणसांनाही अपरिचित नव्हते: १८७८ साली रशियाला धाक दाखवण्यासाठी ब्रिटिश सरकारने हजारो हिंदी सैनिक जहाजांनी येथे आणून उतरवले, त्यांत मुंबई फौजेच्या पलटणीही होत्या.

आयत्या वेळी हायपोजियम, आणि न उरलेली कमान

शेजारच्या पाओला गावातील हाल साफ्लिएनी हायपोजियम, म्हणजे खडकात खोदलेली पाच हजार वर्षांहून जुनी भूमिगत दफनभूमी, पाहायची असेल तर विमानाच्या तिकिटापाठोपाठ तिचे आरक्षण करावे. श्वासातील ओलाव्याने भिंतींवरील रंग खराब होतो, म्हणून एका वेळी अवघ्या दहा जणांना आत सोडतात आणि उन्हाळ्यात जागा कित्येक आठवडे आधी भरतात. जागा न मिळाल्यास हळहळत बसण्यापेक्षा जवळच असलेली तार्शीनची प्राचीन मंदिरे पाहावीत.

जुन्या लेखांवर विसंबून गोझोतील ‘अझुर विंडो’ ही दगडी कमान पाहायला निघणारेही अजून भेटतात. ती ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात कोसळली.

कागदपत्रे, प्लग आणि पोट

माल्टा शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. इटलीबरोबर माल्टा जोडणाऱ्यांनी ज्या देशात मुक्काम अधिक, त्या देशाकडे व्हिसासाठी अर्ज करावा. क्रूझ मध्येच ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानच्या बंदराला लागणार असेल, तर आपण शेंगेनबाहेर पडून पुन्हा आत येतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अशा वेळी उपयोगाचा नाही.

युरोपसाठी म्हणून घेतलेला दोन गोल पिनांचा अ‍ॅडॅप्टर येथे चालत नाही. १९६४ पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या या बेटांवर तीन चौकोनी पिनांचे ब्रिटिश प्लग रूढ आहेत.

शाकाहाऱ्यांना वाटाण्याचे किंवा रिकोटा चीजचे ‘पास्तित्सी’, म्हणजे सारण भरलेले पापुद्र्यांचे पदार्थ, निर्धोक वाटतात. त्यांच्या पापुद्र्यांसाठी परंपरेने डुकराची चरबी वापरली जात असे आणि काही ठिकाणी आजही वापरतात, म्हणून दुकानात विचारूनच घ्यावेत. बहुतेकांना इंग्रजी येते, विचारण्यात अडचण नाही. पाव, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाच्या ‘होब्झ बिझ-झेट’मध्ये ट्यूना मासा सर्रास असतो, तो वगळून मागावा. वाळल्या बाकल्याच्या दाण्यांची लसूण घातलेली ‘बिगिल्ला’ ही चटणी पावासोबत उत्तम लागते आणि तिच्यात सहसा काही लपलेले नसते.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी एक ते चार रस्त्यावर फिरू नये, संग्रहालयात बसावे. हिवाळ्यात हवा सुखद असते, परंतु ईशान्येकडून ‘ग्रिगाल’ वारा सुटला की समुद्र खवळतो आणि गोझोच्या बोटी रद्द होऊ शकतात. परतीचे विमान ज्या दिवशी असेल, त्या दिवशी आणि शक्यतो त्याच्या आदल्या दिवशीही गोझोचा बेत ठेवू नये.