खाडीची दीर्घकालीन नोंद: वेळापत्रक भरतीला विचारून करा

खाडीचे आणि तिच्या पाणलोट क्षेत्राचे वर्षानुवर्षे निरीक्षण करायचे ठरले की पहिल्या बैठकीत काय काय मोजायचे यावरच सगळा वेळ जातो. यादी वाढत जाते, यंत्रांची माहितीपत्रके फिरतात आणि केव्हा मोजायचे हा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत "दर पंधरा दिवसांनी" एवढ्यावर मिटतो. त्या पाच मिनिटांपायी माझी दोन वर्षांहून जास्त मेहनत वाया गेली. म्हणून बाकीच्या पायऱ्या मी थोडक्यात सांगते आणि वेळेबद्दल सविस्तर लिहिते.

प्रश्न आणि जागा

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. "खाडीचे आरोग्य तपासणे" हा प्रश्न नव्हे. "वरच्या शेतजमिनीतून खाडीत येणारे नायट्रेट दहा वर्षांत कमी झाले का?" हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येते.

सुरुवातीला पाच जागा पुरतात. वीस जागा घेऊन तिसऱ्या वर्षी दम तुटण्यापेक्षा पाच जागा वीस वर्षे टिकवणे कितीतरी मोलाचे. पहिली जागा नदीवर, भरतीचे पाणी जिथवर चढते त्याच्याही वर घ्या. सोयीचा पूल दिसला म्हणून तिथेच थांबू नका. पाणी गोडे लागले म्हणजे तिथे भरती पोचत नाही असे समजणे ही नेहमीची चूक आहे. खारेपणा जिथे संपतो त्याच्या कितीतरी वरपर्यंत भरतीची लाट नदीचे पाणी उचलते, अडवते, कधी उलटे वाहवते. अशा जागी नदीचा प्रवाह मोजलात तर ते आकडे कशाचे आहेत हेच कळणार नाही.

मधल्या तीन जागा अंतराने नव्हे, क्षारतेने निवडा. १९५८ मध्ये व्हेनिसला ठरलेली वर्गवारी आजही उपयोगी पडते: क्षारता (किलोभर पाण्यात साधारण किती ग्रॅम क्षार) ०.५ च्या खाली असेल तर गोडे पाणी, पुढे ५, १८ आणि ३० या सीमा. पाचवी जागा मुखाबाहेर, समुद्रात. ही जागा खर्चाच्या नावाखाली सर्वात आधी वगळली जाते आणि नंतर तिचीच उणीव सर्वात जास्त भासते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराची नियमित नोंद १९६९ पासून सुरू आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या दक्षिण भागात सूक्ष्म शैवाल अचानक वाढू लागले. कारण पाणलोटात नव्हते. पॅसिफिक महासागर थंड टप्प्यात गेला, समुद्रातून आत येणारे मासे, खेकडे, कोळंबी वाढली, त्यांनी तळाचे शिंपले फस्त केले आणि शैवाल गाळून खाणारेच कमी झाले. फक्त नदीकडे पाहत बसलेल्याला हे कधीच उमगले नसते.

मोजायचे काय ते सांगते: तापमान, क्षारता, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट, क्लोरोफिल (यावरून पाण्यात सूक्ष्म शैवाल किती ते कळते). वर्षातून दोनदा तळाचा गाळ आणि त्यातले जीव. हे जीव टाळू नका. याच उपसागरात १९८६ मध्ये एक परका शिंपला पहिल्यांदा सापडला आणि पुढच्याच वर्षी उत्तरेकडच्या भागातले क्लोरोफिल कोसळले.

केव्हा मोजायचे

आता मुख्य गोष्ट. दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हे सगळ्यांना ठाऊक असते, पण वेळापत्रक आखताना त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडून पाहू.

समजा, तुम्ही दर १४ दिवसांनी, सकाळी ठरलेल्या एकाच वेळी नमुना घेता. चौदा दिवसांत भरतीच्या २७ फेऱ्या होतात आणि वर साधारण ३९ मिनिटे उरतात. म्हणजे प्रत्येक खेपेला तुम्ही भरतीच्या फेरीत ३९ मिनिटे पुढे सरकलेले असता. अशी पूर्ण फेरी व्हायला सुमारे १९ खेपा, म्हणजे नऊ महिने लागतात. तुमच्या आलेखात नऊ महिन्यांची एक सुबक लाट उमटेल आणि तुम्ही तिला ऋतुचक्र म्हणाल. दर १५ दिवसांनी गेलात तर आणखी वाईट. तेव्हा प्रत्येक खेपेला फरक जेमतेम १२ मिनिटांचा पडतो आणि पूर्ण फेरीला अडीच वर्षांहून जास्त काळ लागतो. म्हणजे सव्वा वर्षभर क्षारता सावकाश चढताना दिसते आणि पुढचे सव्वा वर्ष उतरताना. आणि दर आठवड्याला गेलात तर एका आठवड्याला भरती, पुढच्या आठवड्याला ओहोटी अशी उडी. ती निदान डोळ्यांना खुपते. फसवते ती सावकाश सरकणारी.

माझ्या बाबतीत हेच घडले. दर पंधराव्या दिवशी सकाळी साडेनऊ, कारण गाडी आणि बोट तेव्हा मोकळी असायची. पहिले वर्षभर नायट्रेट उतरत गेले. पावसाळ्याचे महिने बाजूला ठेवून पाहिले तरी उतरतच होते. वरच्या भागात नाल्याकाठी झाडोरा लावायचे काम नुकतेच झाले होते, त्याचा हा परिणाम असे मी अहवालात लिहिले आणि मनापासून लिहिले. दुसऱ्या वर्षी नायट्रेट पुन्हा चढू लागले आणि पाणलोटात तर काहीच बदलले नव्हते. उत्तर वहीत सापडले, पण आकड्यांत नाही. पहिल्या काही महिन्यांची पाने चिखलाच्या बोटांनी माखलेली होती, कारण तेव्हा आम्ही गुडघाभर चिखलातून बोट ढकलत पाण्यापर्यंत नेत होतो. वर्ष उलटल्यानंतरची पाने कोरडी, स्वच्छ. तोवर साडेनऊला पाणी धक्क्याच्या पायऱ्यांना लागलेले असायचे. सुरुवातीला ओहोटीचे, नदीकडून येणारे पाणी बाटलीत भरत होते. नंतर भरतीचे, समुद्राचे. खाडी सुधारलीही नव्हती आणि बिघडलीही नव्हती.

म्हणून माझे ठाम मत आहे: तारीख आणि घड्याळाची वेळ एवढेच लिहिलेला खाडीचा नमुना फेकून द्यावा. त्यातून काही निघत नाही.

करायचे ते असे. पुढच्या वर्षाचे भरती-ओहोटीचे तक्ते मिळवा आणि सगळ्या खेपा वर्षाच्या आरंभीच त्यावरून ठरवा. गाडी, सुट्ट्या, प्रयोगशाळेची वेळ या गोष्टी त्याच्याभोवती बसवा, उलट नको. पाण्याची अवस्था एकच धरा. प्रश्न पाणलोटाचा असेल तर ओहोटीचा शेवटचा तास घ्या. समुद्राच्या प्रभावाचा असेल तर भरती भरून पाणी थबकते ती वेळ. मधली धावती अवस्था कधीही घेऊ नका. तेव्हा इंजिन सुरू व्हायला दहा मिनिटे उशीर झाला तरी समोरचे पाणी बदललेले असते.

तक्त्यातली वेळ बहुतेक वेळा खाडीच्या मुखाची असते, हे विसरू नका. पाच मीटर खोल पाण्यात भरतीची लाट ताशी सुमारे २५ किलोमीटर चालते, उथळात आणखी हळू. मुखाशी ओहोटी तळाला गेली तेव्हा वरच्या टोकाला पाणी अजून उतरतच असते. एक दिवस काढा, प्रत्येक जागी खुणा केलेली काठी रोवा, दर पंधरा मिनिटांनी पातळी लिहा आणि त्या जागेचा उशीर काढून वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा. मग बोट मुखापासून वर न्या, म्हणजे प्रत्येक जागी तीच अवस्था हाती लागते. वरून खाली आलात तर प्रत्येक जागी निराळी.

आता उधाण आणि भांग, म्हणजे भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक सर्वात जास्त असतो ते दिवस आणि सर्वात कमी असतो ते दिवस. उधाणाला प्रवाह जोरात असतो, वरचे आणि तळाचे पाणी ढवळून निघते. भांगाला प्रवाह मंदावतो, वर गोडे आणि खाली खारे असे थर बसतात आणि तळाचा प्राणवायू खालावतो. फक्त उधाणाला जाणाऱ्याला सर्वात वाईट दिवस कधीच दिसत नाहीत. दोन्ही घ्या, पण त्यांच्या दोन वेगळ्या मालिका ठेवा आणि त्यांची सरासरी काढू नका. यात एक मोठी सोयही आहे. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते, त्यामुळे एका ठिकाणी उधाणाच्या ओहोटीची घड्याळातली वेळ बाराही महिने जवळजवळ तीच राहते. तसेच भांगाचे. प्राणवायू पहाटे सर्वात कमी आणि दुपारनंतर सर्वात जास्त असतो. हा घोळही त्यामुळे आपोआप टळतो.

प्रत्येक जागी वरचे आणि तळाचे असे दोन नमुने हवेत. भांगाच्या दिवशी वजन लावलेली बाटली सोडताना दोरीकडे नीट पाहा. वरची दोरी समुद्राच्या दिशेने ताणली जाते आणि खाली कुठेतरी हाताला उलटा ओढा जाणवतो. वरून नदी बाहेर जात असते आणि तिच्याखालून समुद्र आत येत असतो. हे एकदा हाताने अनुभवले की वरच्या एका बाटलीवर कोणी समाधान मानत नाही.

प्रत्येक बाटलीची क्षारता मोजा, एकही सुटू देऊ नका. नायट्रेटचा आलेख तारखेऐवजी क्षारतेसमोर काढा. नदीचे आणि समुद्राचे पाणी नुसते मिसळत असेल तर बिंदू सरळ रेषेत बसतात. रेषेच्या वर गेले तर मध्ये कुठून तरी नायट्रेट येत आहे; खाली गेले तर खाडी ते वापरते आहे. माझ्या वाया गेलेल्या दोन वर्षांतून जे थोडे वाचले ते या आलेखामुळेच, कारण क्षारता तेवढी प्रत्येक वेळी लिहिली होती.

शिवाय वर्षातून दोनदा, कोरड्या आणि ओल्या ऋतूत, एका जागी नांगर टाकून सलग १३ तास दर तासाला नमुना घ्या. एकाच दिवसात आकडा किती हलतो हे त्यातून कळते. दहा वर्षांतला बदल त्याहून लहान असेल तर तो दाखवायला किती नमुने लागतील याचा अंदाजही इथूनच येतो.

पाणलोटाकडून काय येते

नदीच्या जागेवर प्रवाह मोजल्याशिवाय नुसते प्रमाण मोजू नका. समजा, कोरड्या दिवशी नदी सेकंदाला २ घनमीटर वाहते आणि लिटरमागे १० मिलिग्रॅम गाळ आहे: दिवसाला पावणेदोन टन. पुराच्या दिवशी ५० घनमीटर आणि २०० मिलिग्रॅम: दिवसाला ८६४ टन. पुराचा एक दिवस कोरड्या ५०० दिवसांच्या बरोबरीचा. तुमची ठरलेली खेप नेमकी त्या दिवशी येण्याची शक्यता अगदी थोडी, म्हणून पातळी वाढताच आपोआप बाटल्या भरणारे यंत्र लावा. पैसे नसतील तर नदीकाठच्या एखाद्या विश्वासू माणसाला बाटल्या, दोरी आणि पातळीची काठी द्या. पाणी चढतानाचे नमुने जास्त महत्त्वाचे. शेतांवरून आणि रस्त्यांवरून पहिल्या झटक्यात निघणारा माल शिखर येण्याआधीच निघून गेलेला असतो.

यंत्रे आणि वही

सतत मोजणारे सेन्सर दोन लावा, एक मुखाजवळ आणि एक वरच्या भागात तळाशी, दर १५ मिनिटांनी नोंद करणारे. त्यांच्यावर शेवाळ आणि शंखशिंपल्यांचे थर चढतात आणि आकडे हळूहळू वाहवत जातात. दर दोन आठवड्यांनी काढा. काढताना आधी मळलेल्या अवस्थेत, मग स्वच्छ करून, त्याच पाण्यात वाचन घ्या आणि दोन्ही आकडे लिहा. स्वच्छ करून मगच वाचन घ्यायचा सल्ला चुकीचा आहे. मळामुळे किती फरक पडला होता हे मग कधीच कळत नाही.

यंत्र, प्रयोगशाळा किंवा पद्धत बदलायची वेळ येईलच. तेव्हा जुनी आणि नवी पद्धत किमान एक पूर्ण वर्ष शेजारी शेजारी चालवा. "मोजण्याइतके नव्हते" याला शून्य लिहू नका. कोणत्या मर्यादेखाली होते तो आकडा लिहा. मर्यादा सुधारली की शून्यांमुळे खोटी वाढ दिसू लागते.

कल ठरवताना ऋतुवार तुलना करा, जानेवारी जानेवारीशी, जुलै जुलैशी. पाण्याच्या पातळीबद्दल बोलायचे असेल तर चंद्राच्या कक्षेचे १८.६ वर्षांचे चक्र लक्षात घ्या. त्याने भरतीची उंचीच सावकाश कमी-जास्त होते, आणि दहा वर्षांच्या नोंदीत ते चढासारखे किंवा उतारासारखे दिसू शकते.

वहीतली एक ओळ आमच्याकडे आता अशी असते: जागा ३, तळ, भांग, ओहोटीच्या तळाआधी ४० मिनिटे, खोली ४.२, क्षारता १४.६, वारा नाही, पाणी तांबूस, बोटीवर कोण कोण. नवीन माणूस आला की पहिले वर्षभर तो ही ओळ जुन्या माणसाशेजारी बसून स्वतःच्या हाताने लिहितो, आणि त्यानंतरच एकटा खेपेला जातो.